मराठीतून इंजिनिअरिंग, मराठीतून वैद्यक

शिक्षण मातृभाषेतून द्यावे की परक्या भाषेतून, हा वाद महाराष्ट्रात दोनशे वर्षे चालू आहे. पेशवाई बुडून पाच-सहा वर्षे होतात न होतात तोच तो सुरू झाला. आज पालकसभेत, अग्रलेखांत आणि न्यायालयांत ऐकू येणारे बहुतेक मुद्दे १८५० च्या आतच मांडून झाले होते. म्हणून या प्रश्नाकडे पाहायचे तर मुंबई इलाख्यापासूनच सुरुवात करणे सोयीचे.

ईस्ट इंडिया कंपनीने हिंदी प्रजेच्या शिक्षणासाठी दरसाल निदान एक लाख रुपये खर्चावेत, असे १८१३ च्या सनदेत ठरले. कोणती विद्या शिकवायची आणि कोणत्या भाषेतून, हे सनदेने सांगितले नव्हते. कलकत्त्यात त्यावरून झगडा झाला तो संस्कृत-अरबीचे अभिमानी आणि इंग्रजीचे अभिमानी यांच्यात. खुद्द बंगालीची बाजू घ्यायला त्या भांडणात फारसे कोणी नव्हते. १८३५ मध्ये मेकॉलेच्या टिपणानंतर गव्हर्नर जनरल बेंटिंकने इंग्रजीच्या बाजूने निकाल दिला आणि तेथला विषय संपला.

मुंबईकडची स्थिती वेगळी होती. पेशव्यांचे दफ्तर मराठीत, मोडी लिपीत चालत असे. गावच्या कुलकर्ण्याचे जमाखर्च, सावकाराच्या वह्या, मामलेदाराचा पत्रव्यवहार सगळे मोडीत. राज्यकारभाराला सरावलेली गद्य भाषा येथे तयार होती, आणि इंग्रजांनीही खालच्या कचेऱ्यांत तीच चालू ठेवली. त्यामुळे मुंबईत इंग्रजीसमोर उभ्या राहिल्या त्या मराठी आणि गुजराती.

१८१९ ते १८२७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८२३ च्या अखेरीस शिक्षणावर जे टिपण लिहिले त्याचा रोख स्पष्ट होता. गावोगावच्या शाळा सुधाराव्यात, त्यांना छापील पुस्तके पुरवावीत, युरोपातले शास्त्रीय ज्ञान देशी भाषांत आणावे. इंग्रजी शिकवावी, पण ज्याला त्या भाषेत पुढे जायचे आहे त्याच्यासाठी, एक विषय म्हणून. त्यांच्याच कौन्सिलातले फ्रान्सिस वॉर्डन यांना हे पटले नाही. इंग्रजीवरच भर द्यावा असे त्यांचे मत होते.

त्या वेळची गावातली शाळा म्हणजे पंतोजींची शाळा. ती ओसरीवर किंवा देवळात भरे. मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवीत, पाढे आणि पावकी-निमकी घोकून पाठ करीत, पुढे मोडी वाचायला-लिहायला लागत. छापलेले पुस्तक नावालाही नव्हते. हिशेब आला, चिठ्ठी-चपाटी वाचता आली, की शिक्षण पुरे. या शाळांना पुस्तके द्यायची तर ती आधी लिहायला हवी होती. हे काम १८२२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या आणि पुढे ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेने अंगावर घेतले. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे तिचे चिटणीस होते. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी सोसायटीसाठी ‘बाळमित्र’ आणि इसापाच्या गोष्टी मराठीत आणल्या. पंडितांकडून १८२९ मध्ये मराठी-मराठी कोश तयार झाला आणि १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ चे. शाळेत शिकवण्याजोगी मराठी या पंधरा-सोळा वर्षांत उभी राहिली.

या काळातले आजच्या वाचकाला सर्वांत आश्चर्यकारक वाटेल ते म्हणजे जर्व्हिस यांची इंजिनिअरिंगची शाळा. सरकारला मोजणी, रस्ते आणि इमारती यांच्या कामासाठी हाताखालची माणसे हवी होती. १८२३ च्या सुमारास मुंबईत त्यांच्यासाठी वर्ग निघाला आणि त्याचे माध्यम मराठी व गुजराती ठेवले गेले. जर्व्हिस यांनी इंग्रजी गणिताची पुस्तके शास्त्र्यांना हाताशी धरून मराठीत उतरवली. पारिभाषिक शब्दांसाठी त्यांना फार दूर जावे लागले नाही. लीलावती हा जुना गणितग्रंथ पढलेल्या शास्त्र्यांपाशी भुज, कोटी, कर्ण, त्रिज्या हे शब्द तयारच होते. अंकगणित, बीजगणित, भूमिती शिकून मुले थेट मोजणीच्या कामावर जात. १८२६ मध्ये डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली देशी भाषांतून वैद्यक शिकवणारी शाळाही निघाली. तिच्यासाठीही वैद्यकावरच्या पुस्तकांची भाषांतरे झाली.

दोन्ही शाळा दहा वर्षांच्या आत, १८३२ मध्ये सरकारने आवरत्या घेतल्या. मराठीतून मुलांना शिकता येत नव्हते म्हणून हे घडले, असे मानायला आधार नाही. शिकलेल्यांना हलक्या पगाराच्या जागांपलीकडे वाट नव्हती. पुस्तकेही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, म्हणजे शिक्षकाला माहीत होते तेवढ्यावर विद्यार्थ्याचे ज्ञान थांबणार. १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले ते इंग्रजीतून.

याच सुमारास दिल्ली कॉलेजात मास्टर रामचंद्र उर्दूतून गणित आणि विज्ञान शिकवीत होते. कमाल-किमान मूल्यांवरचा त्यांचा ग्रंथ लंडनचे गणिती ऑगस्टस डी मॉर्गन यांनी १८५९ मध्ये इंग्लंडात पुन्हा छापवून घेतला. देशी भाषेत शिकवणाऱ्याची बुद्धी खुंटते, हा समज त्या काळातच खोटा ठरला होता.

इंग्रजीची ओढ मात्र खरी होती आणि ती वरून लादलेली नव्हती. मुंबईच्या व्यापारी घरांना, पारशी कुटुंबांना, पुण्याच्या ब्राह्मणांना आपल्या मुलांना इंग्रजी यावी असे वाटत होते. त्यासाठी ते फी द्यायला तयार होते, आणि मराठी शाळेला फी देताना हात आखडता घेत होते. १८४४ मध्ये लॉर्ड हार्डिंज यांच्या सरकारने इंग्रजी शिकलेल्यांना सरकारी नोकरीत अग्रक्रम देण्याचे जाहीर केल्यावर राहिलेली शंकाही मिटली. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत इंग्रजीतून शिकलेला तरुण आणि मोडी उत्तम लिहिणारा कारकून यांच्या पगारातला फरक कोणालाही दिसत होता.

वादाला तोंड फुटले ते १८४७ मध्ये. नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या जागी १८४० मध्ये बोर्ड ऑफ एज्युकेशन आले होते. अध्यक्ष होते सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी. जर्व्हिस, आता कर्नल, सभासद होते. जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा हे तीन हिंदी सभासद. पेरी यांचे म्हणणे थोडक्यात असे: सरकारजवळ पैसा थोडा, तो साऱ्या रयतेवर पसरला तर कोणाच्याच हाती काही लागणार नाही. वरच्या वर्गातल्या थोड्या मुलांना इंग्रजीतून उत्तम शिक्षण द्यावे, त्यांच्याकडून ते खाली झिरपेल. देशी भाषांत उच्च शिक्षणाची पुस्तके नाहीत, ती भाषांतराने तयार करायची तर खर्च अफाट, आणि लोकच इंग्रजी मागत आहेत.

जर्व्हिस यांनी याला सडेतोड उत्तर दिले. परक्या भाषेतून शिकवायचे म्हणजे ज्ञान मूठभरांच्या हाती कोंडून ठेवायचे. रयतेचे शिक्षण रयतेच्या भाषेतूनच होईल. त्यांच्यामागे वीस वर्षे पुस्तके लिहून घेण्याचा आणि मुले शिकवून तयार करण्याचा अनुभव होता. पेरी यांच्या युक्तिवादात त्याचे वजन कोठे धरलेले दिसत नाही.

नाना शंकरशेट यांची भूमिका या वादात सर्वांत लक्ष देऊन वाचण्यासारखी आहे. ते इंग्रजीचे विरोधक नव्हते. एल्फिन्स्टन संस्थेच्या उभारणीत त्यांचा हात होता. तरीही १८४७ च्या मे महिन्यात दिलेल्या टिपणात त्यांनी देशी भाषांची बाजू घेतली. पश्चिम हिंदुस्थानातल्या सर्वसाधारण लोकांना उपयोगी ज्ञान द्यायचे तर त्यांची भाषा इंग्रजीपेक्षा सरस साधन आहे, असे त्यांनी लिहिले. शहरातल्या सधन घरच्या मुलाला इंग्रजीवर घालवायला वर्षे असतात. ज्याचे पोर दहाव्या-बाराव्या वर्षी शेतात किंवा दुकानावर लागते त्याला ती कोठून आणायची? हा हिशेब पेरींच्या टिपणांत येत नाही. शंकरशेटांच्या नजरेला तो दिसला.

सरकारचा निकाल १८४८ मध्ये आला तो मोघम. त्यात देशी भाषांचा पुरस्कार होता, पण शब्दरचना अशी सैल की पेरी यांना आपल्याला हवा तो अर्थ त्यातून काढता आला. १८५४ च्या वुडच्या खलित्याने मधला मार्ग घातला: वरचे शिक्षण इंग्रजीतून, खालचे देशी भाषांतून. कागदावर ही वाटणी न्याय्य दिसते. प्रत्यक्षात प्रतिष्ठा, पैसा आणि नोकऱ्या वरच्या टोकाला राहिल्या आणि देशी भाषेच्या शाळेला ‘पुढे न जाणाऱ्यांची शाळा’ हे रूप आले. ते अद्याप गेलेले नाही.

गंमत अशी की पेरींच्या काळात एल्फिन्स्टन संस्थेतून बाहेर पडलेल्या तरुणांनी १८४८ नंतर काय केले, तर मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक सभा काढल्या, त्यांत विज्ञानावर आणि अर्थशास्त्रावर मातृभाषेत व्याख्याने दिली आणि मुलींच्या मराठी-गुजराती शाळा सुरू केल्या. मराठी सभेचे अध्यक्ष दादोबा पांडुरंग होते. गुजरातीकडे दादाभाई नवरोजी खटपट करीत होते. ज्ञान वरून खाली झिरपले ते एवढेच, आणि तेही मातृभाषेच्या वाटेने. रयतेच्या हाती त्यातले काय आले, याचा जाब जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात विचारला. शेतकऱ्याच्या पैशावर वरच्या वर्गाची कॉलेजे चालतात आणि त्याच्या मुलाला गावात शाळा नाही, हे त्यांचे म्हणणे होते. प्राथमिक शाळेत मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान शिकवावे अशी त्यांची मागणी होती.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले. त्याच्या परीक्षांत आरंभी मराठीला जागा होती, पण थोड्याच वर्षांत वरच्या परीक्षांतून ती निघाली आणि संस्कृत, लॅटिन यांसारख्या अभिजात भाषा तेवढ्या उरल्या. ती पुन्हा आत आणण्यासाठी न्यायमूर्ती रानड्यांना आयुष्याच्या अखेरपर्यंत झगडावे लागले. वैद्यकात मात्र एक खिडकी उघडी राहिली. ग्रँट मेडिकल कॉलेजात १८६० नंतर हॉस्पिटल असिस्टंटांसाठी मराठी व गुजराती वर्ग चालले. डॉ. सखाराम अर्जुन यांनी तेथे शिकवले आणि मराठीत वैद्यकीय पुस्तके लिहिली.

परक्या भाषेतून शिकताना नेमके काय होते, हे वर्गात बसून पाहिल्याशिवाय नीट कळत नाही. पाचवी-सहावीतला सोपा हिशेब घ्या: ऐंशी रुपयांना घेतलेली वस्तू शंभराला विकली, तर नफा शेकडा किती? आठवडी बाजारात आईबरोबर भाजी विकायला बसणारा मुलगा वीस रुपये सुटले हे ताबडतोब सांगतो, आणि ऐंशीवर वीस म्हणजे पाव पट, म्हणजे शेकडा पंचवीस, इथपर्यंत थोड्या मदतीने येतो. तोच हिशेब कॉस्ट प्राइस, सेलिंग प्राइस अशा शब्दांत समोर आला की तो सूत्र आठवू लागतो. सूत्र आठवले तरी कोणता आकडा कोठे घालायचा हे ठरत नाही, आणि दिसतील त्या दोन आकड्यांचा गुणाकार करून तो मोकळा होतो. गणित त्याला येत होते. त्याची वाट भाषेने अडवली. अशा वर्गात शिक्षक काय करतो तेही ठरलेले आहे. तो धडा इंग्रजीत वाचतो, मराठीत समजावतो आणि उत्तर इंग्रजीत फळ्यावर लिहून देतो. मुले ते उतरवून घेतात. परीक्षेत तेच उत्तर येते, म्हणून गुण मिळतात.

कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस एक महत्त्वाचा भेद दाखवला. खेळताना, दुकानात, मित्रांशी बोलताना लागणारी भाषा मूल साधारण दोन वर्षांत शिकते. पुस्तकातून विचार करण्यासाठी लागणारी भाषा यायला पाच ते सात वर्षे लागतात. आपले पोर फाडफाड इंग्रजी बोलते म्हणून निर्धास्त असलेले पालक या दोहोंत गल्लत करतात. नायजेरियात इफे येथे १९७० मध्ये बाब्स फाफुन्वा यांनी सुरू केलेला प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. तेथे एका गटाला प्राथमिकची सहाही वर्षे योरुबातून शिकवले आणि इंग्रजी विषय म्हणून चांगल्या शिक्षकांकडून शिकवली. ही मुले इतर विषयांत पुढे राहिलीच, इंग्रजीतही मागे पडली नाहीत. मातृभाषा आणि इंग्रजी यांत एकच निवडायची असते, हा समज या प्रयोगाने मोडीत काढला.

महाराष्ट्रात आणि त्याच्या शेजारी मातृभाषेतून वरचे शिक्षण देण्याचे प्रयत्न नंतरही झाले. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० मध्ये कलाभवन काढले. रंगकाम, यंत्रकाम, शिल्प असे विषय तेथे देशी भाषेतून शिकवले जात. दादासाहेब फाळके तेथलेच विद्यार्थी. महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापले तेव्हा माध्यम मातृभाषा ठेवले आणि इंग्रजी सक्तीचा विषय केला. सरकारी मान्यतेसाठी त्या विद्यापीठाला स्वातंत्र्यानंतरच्या काळापर्यंत थांबावे लागले. पदवी मिळाली तरी तिला बाजारात किंमत नाही, हे दुखणे १८३२ मध्ये बंद झालेल्या शाळांचेच होते.

हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचा प्रयोग या सगळ्यांत मोठा. १९१७ मध्ये निजाम सरकारने भाषांतरासाठी दारुल तर्जुमा हे स्वतंत्र खाते उघडले आणि पुढच्या वर्षी उर्दू माध्यमाचे विद्यापीठ स्थापन केले. तेथे पुढे वैद्यक आणि इंजिनिअरिंगही उर्दूतून शिकवले गेले. देशी भाषेतून आधुनिक विद्या शिकवता येते हे उस्मानियाने निर्विवाद सिद्ध केले. पण संस्थानातल्या बहुसंख्य लोकांची भाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाला उर्दू इंग्रजीइतकीच शिकून घ्यावी लागे. मराठी शाळा चालवणे हे तेथे राजकीय काम झाले, आणि अंबाजोगाई, सेलू, औरंगाबाद येथील खासगी शाळा निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामाच्या कार्यकर्त्यांचे ठिकाण बनल्या. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले.

उस्मानियाने पुढे आणलेला प्रश्न महाराष्ट्रालाही टाळता येत नाही: मातृभाषा कोणाची? पाठ्यपुस्तकातली मराठी ही पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या घरांतली मराठी आहे. मेळघाटातल्या कोरकू मुलाला, नंदुरबारच्या भिल्ल मुलाला, गडचिरोलीच्या गोंड मुलाला ती पहिलीच्या वर्गात परकीच असते. गडचिरोली जिल्ह्यात मोहगाव येथे ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडीतून शिकवणारी शाळा काढली, तेव्हा शासनाच्या मान्यतेचा प्रश्न उभा राहिला. इंग्रजीपुढे मराठीची बाजू मांडणाऱ्यांनी गोंडीच्या बाजूनेही तितक्याच जोराने बोलायला हवे होते. तसे फारसे कोणी बोलले नाही. मुंबई महानगरपालिका आठ माध्यमांत शाळा चालवते, म्हणजे सोय करायची ठरवली तर करता येते. गोव्यात प्रश्न आणखी गुंतागुंतीचा. १९९० पासून तेथे सरकारी अनुदान कोकणी किंवा मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाच मिळे. २०११ मध्ये इंग्रजी शाळांनाही ते खुले झाले आणि त्यावरून सरकार, चर्च आणि भाषाप्रेमी संघटना यांच्यात वर्षानुवर्षे संघर्ष झाला.

स्वातंत्र्यानंतर हा वाद न्यायालयात गेला. मुंबई सरकारने जानेवारी १९५४ मध्ये आदेश काढला की ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे किंवा जे आशियाई वंशाचे नाहीत, त्यांनाच इंग्रजी माध्यमाच्या शाळेत प्रवेश द्यावा. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलच्या चालकांनी त्याला आव्हान दिले आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरवला. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे ३५०अ हे कलम १९५६ मध्ये राज्यघटनेत आले, पण ते भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांपुरते. कर्नाटकाच्या प्रकरणात २०१४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला की प्राथमिक शाळेत मातृभाषेचे माध्यम सरकारला लादता येणार नाही. कायद्याच्या वाटेने हा प्रश्न सुटणार नाही हे तेव्हा स्पष्ट झाले.

महाराष्ट्र सरकारने २००० पासून सर्व मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी विषय आणला. पालकांचा ओढा थोपवण्यासाठी सेमी-इंग्रजी वर्ग निघाले: गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे मराठीतून. ज्या विषयांत समजुतीची गरज सर्वांत जास्त तेच परक्या भाषेत टाकायचे, अशी ही उलटी तडजोड आहे; तिच्यामुळे काही मराठी शाळा तगल्या, एवढे मात्र तिच्या बाजूने सांगावे लागेल. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने निदान पाचवीपर्यंत मातृभाषेचे माध्यम असावे अशी शिफारस केली, आणि २०२१ पासून तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह काही भारतीय भाषांतून इंजिनिअरिंगच्या पदवीला परवानगी दिली. पाठ्यपुस्तकांची भाषांतरेही होऊ लागली.

राज्यसेवेची परीक्षा आज मराठीतून देता येते आणि मराठी माध्यमाची मुले मोठ्या संख्येने ती देतात, कारण त्या वाटेच्या शेवटी नोकरी आहे. मराठीतून इंजिनिअर झालेल्या मुलाला कंपनीत मुलाखत द्यावी लागते ती इंग्रजीत. पुस्तके सरकार तयार करू शकते आणि ते काम सुरू झाले आहे. नोकरीच्या अटीला अजून कोणी हात लावलेला नाही.